एक लाइन, सात टेबलं

सन १९९९. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. निर्यातीचं ऑफिस, सात कॉम्प्युटर, टेलिफोनची लाइन मात्र एकच. नेटवर्कवाला जमिनीवर मांडी घालून केबल सोलतोय. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही तारा या क्रमानं बोटांत चपट्या करून एका रेषेत कापायच्या, प्लगमध्ये सरकवायच्या, क्रिम्पिंग टूल दाबायचं. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागल्याशिवाय तो पुढच्या टेबलाकडे जात नाही.

त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट वाटून घेण्याची सोय होती. मॉडेमवाल्या मशीनला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळे, बाकीची सहा त्याच्या आडोशाला. बाहेरून सगळं ऑफिस एकच दिसे. आलेलं उत्तर कोणत्या टेबलाचं, याची नोंद ते मशीन ठेवी. हे पत्ते खासगी वापरासाठीच राखलेले, त्यामुळे मुलुंडच्या एखाद्या ऑफिसात तोच पत्ता असला तरी दोघांची टक्कर होत नसे.

खरी अडचण पुढे होती. गिऱ्हाइकाला दोन एमबीचा फोटो पाठवायचा, तर मेलमध्ये घातल्यावर ती फाइल सुमारे एक तृतीयांशानं फुगते. ५६ केबीपीएसचा मॉडेमही वर पाठवताना फार तर ३३.६नं पाठवी. म्हणजे दहा मिनिटं एकाची, आणि उरलेले सहा जण ताटकळत.

म्हणून नेटवर्कवाल्यानं ऑफिसातच मेल सर्व्हर बसवला. पत्रं दिवसभर तिथं साठत, ठरल्या वेळी मॉडेम फोन लावी, सगळी एकदम जात-येत. आतल्या आतली पत्रं तर लाइनला शिवतही नसत.

ही रीत उपनगरांना नवी नव्हती. १९८६-८७च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली, तीही साध्या डायल-अपवर, साठवून पुढे पाठवण्याच्या याच पद्धतीनं. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ला. लाइन तोकडी असली की वेळ नीट वाटावा लागतो, हे जुहू-पवईच्या मंडळींनी आधीच ओळखलं होतं.

पण साठवलेल्या पत्रांबरोबर जबाबदारीही येते. त्या काळी सर्व्हरवरून पत्रं उतरवून घेण्याच्या पॉप-थ्री पद्धतीत पासवर्ड केबलमधून उघडाच जाई. संध्याकाळी अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं, "अहो, माझी पत्रं तुम्हाला दिसतील का हो?"

"दिसू शकतात, ताई. सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला सगळंच दिसतं."

त्यानं मालकांना बोलावलं आणि सर्व्हरचा नवा पासवर्ड त्यांच्याच हातानं टाकून घेतला. मग एकेका टेबलावर ज्याचा त्याचा. प्रत्येक वेळी की-बोर्डचा आवाज थांबेपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.