अडलेले भाषण

१९८४ सालच्या जून महिन्यात मी एका लहानशा गावातील माध्यमिक शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. वर्गात शिकवताना मी कधी अडखळत नसे. परंतु सभेत चार शब्द बोलावयाचे म्हटले, की माझे हातपाय गार पडत.

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त सभा होती. मुख्याध्यापकांनी मला भाषण करावयास सांगितले. मी सारे भाषण लिहून तोंडपाठ केले. बोलावयास उभा राहिलो मात्र, घशाला कोरड पडली. ‘अध्यक्ष महोदय’ या दोन शब्दांपुढे एकही वाक्य आठवेना. अखेर मान खाली घालून मी जागेवर जाऊन बसलो.

दुसऱ्याच दिवशी सातवीच्या वर्गात एक मुलगा कविता म्हणताना मध्येच अडला. मुले हसू लागली. एरवी मी त्याला रागावून खाली बसवले असते. त्या दिवशी मात्र मला तसे करवेना. पाठ केलेले ऐन वेळी कसे नाहीसे होते, हे मी आदल्या दिवशीच अनुभवले होते. गेल्या दोन महिन्यांत अशा किती मुलांना मी खाली बसवले होते!

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बोलण्याचा सराव करू लागलो. एका सायंकाळी शाळेचे वृद्ध शिपाई दारे लावावयास आले. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. ते हसून म्हणाले, “गुरुजी, बाकांना काय कळतंय? मला सांगा की!”

मी त्यांना गांधीजींची हकीकत सांगू लागलो. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या न्यायालयात पहिलाच खटला चालवावयास उभे राहिले, तेव्हा त्यांचे पाय कापू लागले. साक्षीदाराला काय विचारावे, तेच सुचेना. घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले.

“मग पुढं काय झालं?” मामांनी विचारले.

पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे, तेथील भारतीयांच्या सभेत, त्यांनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले, असे मी सांगितले. सांगता सांगता ध्यानात आले, की माझा आवाज कापत नव्हता. माझे लक्ष पाठ केलेल्या शब्दांकडे नव्हते. ते मामांच्या उत्सुक चेहऱ्याकडे होते.

२ ऑक्टोबरच्या सभेत बोलण्याची परवानगी मी स्वतः मागून घेतली. छाती धडधडत होती. पण दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे पाहून मी तीच हकीकत सांगितली. मुले शांतपणे ऐकत होती. सभा संपल्यावर सातवीतला तो मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, उद्या मी कविता म्हणू?”

दुसऱ्या दिवशी तो दोनदा अडला. पण त्याने कविता पुरी केली.

२०१८ साली निवृत्त होताना, निरोपाच्या सभेतही माझे हात किंचित कापत होते. मुलांनो, भीती अगदी नाहीशी होतेच असे नाही. परंतु ऐकणाऱ्याला काही सांगावे, अशी ओढ लागली, की ती मागच्या बाकावर जाऊन बसते. आणि तुमचा एखादा सोबती बोलताना अडला, तर त्याला हसू नका. त्याच्या पुढच्या वाक्यासाठी थोडे थांबा.