उतरलेला गंधार

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास बीथोवन ऐकू येतो. शेजारची मोटार मागे घेतली जाऊ लागली की तिच्यातून 'फ्यूर एलिझे'ची सुरुवातीची सुरावट पिपाणीसारख्या आवाजात वाजू लागते. १८१० सालची ही लहानशी रचना बीथोवनच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ साली छापली गेली आणि नंतर जगभर झाली. आमच्या गल्लीत तिचा अर्थ एवढाच, की बाजूला व्हा, गाडी मागे येते आहे. भाजीवाली हातगाडी कडेला घेते, मुले सायकली आवरतात, आणि कुणाचेही मन यत्किंचित हेलावत नाही.

याच संगीतकाराच्या दुसऱ्या एका रचनेने आमच्या घरात जे घडवले, ते या पार्श्वभूमीवर आम्हांला अधिकच कोड्यात टाकते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. रसचर्चा हा आमचा वर्गातला नित्याचा विषय. सूर ऐकून माणूस व्याकूळ का होतो, या प्रश्नाची तीन-चार उत्तरे आम्हांला पाठ आहेत आणि विद्यार्थ्यांकडून ती आम्ही लिहूनही घेतो. परंतु तो प्रसंग घडला तेव्हा त्यांपैकी एकही उत्तर पुरेसे वाटले नाही.

आमच्यापैकी एकीचे वडील, अण्णा, व्यवसायाने गणिताचे शिक्षक आणि वृत्तीने किराणा घराण्याचे भक्त. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी होणारी संगीत सभा अण्णांनी उमेदीच्या काळात चुकवली नाही. स्वतः ते मैफली गायक नव्हते. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात पहाटे मिरजेचा तंबोरा घेऊन बसायचे आणि काळी एक या पट्टीत सूर लावायचे. गाण्यापेक्षा तंबोरा लावण्यातच त्यांचा अधिक वेळ जाई. पेटीविषयी त्यांना विलक्षण अढी होती. "पेटीचा सूर उभा राहतो, चालत नाही," असे ते म्हणत. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ही गोष्ट ते एखाद्या सुधारणेची तारीख सांगावी तशा समाधानाने सांगत. आणि पियानो म्हणजे त्यांच्या लेखी पेटीचाच श्रीमंत भाऊ.

या अढीला सांगलीत इतिहासही आहे. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी येथेच श्रुतींचे गणित मांडण्याचा ध्यास घेतला आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गळ्याचे साहाय्य केले, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. मुद्दा साधा होता. पियानोत आणि नेहमीच्या पेटीत अष्टकाचे बारा समान तुकडे केलेले असतात. अष्टकाचे १२०० सेंट धरले तर प्रत्येक तुकडा १०० सेंटांचा. यामुळे कोणतीही पट्टी सारखीच सोयीची होते. मात्र षड्ज आणि पंचम यांचे नाते बरेचसे टिकले तरी बाकीचे स्वर आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडे थोडे सरकतात. श्रुतींच्या हिशेबात कोमल गंधाराला दोन जागा आहेत, एक २९४ सेंटांच्या आसपास आणि दुसरी ३१६ च्या. पियानोचा कोमल गंधार बरोबर ३०० वर, म्हणजे धड ना या घरचा, ना त्या घरचा.

हा तपशील कुणाला रुक्ष वाटेल. आमच्या घरात मात्र या पंधरा-सोळा सेंटांची किंमत मोजली गेलेली आहे. आमच्यापैकी एकीला अण्णांनी लहानपणी गाणे शिकवायला घेतले होते. चौदाव्या वर्षी एका पहाटे त्यांनी तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझा गंधार उतरतो. ऐकू येत नाही का तुला?" ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठली मात्र नाही, आणि त्यांनीही हाक मारली नाही. पुढे तिने मराठी घेतले. बापलेकीत वैर आले असे नाही. सणवार, आजारपण, नातीचे लाड सारे रीतसर होत राहिले. गाण्याविषयी मात्र ते दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. अण्णांना आम्ही वेळेवर विश्रामबागेत आणले. औषधे, कागदपत्रे, चार कपडे घेतले. तंबोरा भिंतीवर उंच टांगलेला आहे, तिथवर पाणी कशाला येते, असे म्हणून तो राहून गेला. पाणी ओसरल्यावर घर उघडले तेव्हा तो खाली पडलेला होता, भोपळा सुटला होता आणि आत गाळ बसला होता. अण्णांना हे सांगावे की नाही, याची चर्चा आम्ही दोन दिवस केली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की ते तंबोऱ्याविषयी विचारतच नाहीत. विस्मरणाची सुरुवात आधीच झालेली होती, घर सुटल्यावर ते झपाट्याने वाढले. लेकीला ते कधी आपली बहीण समजत, जावयाला घरमालक.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आमची मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, कॅसिओवर 'मूनलाइट सोनाटा'चा पहिला भाग बसवत होती. १८०१ सालच्या या सोनाट्याला 'चांदणे' हे नाव बीथोवनने दिलेले नाही. रेल्श्टाब नावाच्या समीक्षकाने त्याची तुलना सरोवरावरच्या चांदण्याशी केली आणि ते नाव चिकटले. आंधळ्या मुलीसाठी बीथोवनने चांदण्यात ही रचना वाजवल्याची, आमच्या शालेय इंग्रजी वाचनात भेटलेली गोष्टही दंतकथाच. खरे एवढेच, की त्याच सुमारास आपले कान जात असल्याची कबुली तो मित्रांना पत्रांतून देऊ लागला होता. संपूर्ण भाग अत्यंत नाजूकपणे आणि तारांवरच्या नमद्याच्या गाद्या उचललेल्या ठेवून वाजवावा, अशी त्याची सूचना आहे. म्हणजे एक स्वर विरण्याआधीच दुसरा त्यात मिसळावा.

मुलगी हळूहळू, अडखळत वाजवत होती. अण्णा खिडकीशी बसून होते. आपण वाद्याची निर्भर्त्सना ऐकणार, अशा तयारीने आम्ही चहाचे कप आवरत होतो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तंबोरा कुणी लावलाय?"

आम्ही दोघेही थबकलो. मुलगी म्हणाली, "आजोबा, तंबोरा नाही, पियानोचा सूर आहे हा. थांबवू का?"

"थांबू नकोस, बाळ." मग जरा वेळाने, कुणाकडेही न पाहता, "गंधार उतरलाय." आणि पुन्हा थोडे थांबून, "असू दे."

ती वाजवत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते पुसावे हेही त्यांना सुचत नव्हते. सात-आठ मिनिटांनी सूर थांबले तेव्हा ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जेवायची वेळ झाली का?"

पुढे कित्येक दिवस आम्ही या प्रसंगाचा कीस काढला. अध्यापकांची खोडच ती. आधी वाटले, हा केवळ विस्मरणाचा भ्रम. परंतु त्या रचनेचे पहिले पान घेऊन बसलो तेव्हा ध्यानात आले, की अण्णांचा कान चुकलेला नव्हता. ही रचना आहे सी शार्प मायनरमध्ये. आपल्याकडच्या पेटीवाल्यांच्या भाषेत तिचा षड्ज काळी एक, म्हणजे नेमकी अण्णांची पट्टी. उजव्या हाताचे तीन-तीन स्वरांचे जे आवर्तन सुरुवातीपासून चालते त्यातले पहिले तीन स्वर म्हणजे खालचा पंचम, षड्ज आणि कोमल गंधार. तंबोऱ्याची पहिली तारही पंचमाचीच आणि तिच्यानंतर षड्ज. पुढे गाण्यासारखी जी सुरावट येते तीही बराच वेळ एका पंचमावरच थबकून राहते. तिसऱ्या मात्रागटात तर कोमल रिषभ, मध्यम आणि कोमल धैवत एकत्र येतात, आणि क्षणभर भैरवीची सावली पडते. मैफल संपताना जी गायची ती भैरवी येथे सुरुवातीलाच डोकावून जाते. आणि गंधार? तो खरोखरच उतरलेला होता. तीनशे सोळाच्या ठिकाणी तीनशे.

तेव्हा रचनेच्या अंगाने उत्तर मिळाले असे म्हणता येईल. १८५४ साली हान्सलिकने ठासून सांगितले, की संगीताचे सौंदर्य त्याच्या नादरूप आकृतींत असते, भावनांत नव्हे. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत सौंदर्याची मीमांसा केली. आम्ही हे शिकवतो, आणि ते खोटे आहे असे आजही म्हणणार नाही. परंतु आकृती तर त्या मोटारीच्या पिपाणीतही आहे. तिथे ती नुसती निघून जाते. येथे ती एका माणसाच्या आत कुठेतरी जाऊन टेकली.

दुसरे उत्तर शाकुंतलाच्या पाचव्या अंकात आहे. हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अस्वस्थ होतो. कुणा प्रियजनाचा विरह नसताना हे मन का हुरहुरते, असे त्याला वाटते, आणि मागच्या जन्मांतले, नकळत मनात रुतून राहिलेले स्नेह जागे होत असावेत, असे तो स्वतःला समजावतो. अभिनवगुप्ताने याच स्थळाचा आधार घेऊन वासनासंस्काराची चर्चा केली. हा भाग आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. मात्र त्यातली एक गोष्ट त्या दिवाळीनंतरच आम्हांला खऱ्या अर्थाने बोचली. दुष्यंताचा विरह मागच्या जन्मातला नाहीच. तो याच जन्मातला आहे. शकुंतला जिवंत आहे, त्याच्याच दाराकडे चालत येते आहे. शापामुळे तो तिला विसरला आहे, पण त्याचे विस्मरण पूर्ण झालेले नाही. बुद्धी विसरली, आणि जे विसरले त्याची हुरहूर मात्र गाण्याने जागी झाली.

याला आम्ही पियानोच्या एका मर्यादेची जोड देऊ. गळ्यातला सूर श्वास असेतो धरता येतो, वाढवता येतो, मींडेने दुसऱ्याकडे नेता येतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडताक्षणी विरू लागतो, आणि वादकाला मग त्याचे काहीही करता येत नाही. संथ रचनेत हे विरणे स्पष्ट ऐकू येते. द्रुत रचनेत पुढचा सूर ते झाकून टाकतो. शांत पियानो ऐकताना इतक्या जणांचा गळा दाटून येतो त्याचे एक कारण हे असावे, की तिथे प्रत्येक सूर आपल्यादेखत जातो. तंबोऱ्याची तारही अशीच विरते. फरक इतकाच, की तिथे पुन्हा छेडणारा हात आपल्याला सवयीचा असतो. पेटीचा सूर भाता चालेतो उभा राहतो, हा अण्णांचा आक्षेप होता. हा सूर उभा राहत नव्हता.

आणि तरी मूळ प्रश्न शिल्लकच आहे. 'असू दे' हे अण्णा कुणाला म्हणाले? नातीला, त्या वाद्याला, स्वतःला, की पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एका पहाटेला? आमच्यापैकी एकाचे मत असे, की हे वाक्य लेकीसाठीच होते आणि तिने ते घ्यावे. दुसरीचे म्हणणे, की ज्याला समोर आपली लेक आहे हेच ठाऊक नव्हते त्याच्याकडून क्षमा घेणे म्हणजे संहितेत नसलेला अर्थ काढणे होय. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की लेखकाच्या हेतूपाशी अर्थ संपत नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र दुसरीला लेखकाचा हेतूच हवा होता, आणि तो सांगणारे कुणी उरलेले नव्हते. अण्णा पुढच्याच वर्षी गेले.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा माळ्यावरचा तो सांगाडा काढून आम्ही मिरजेला घेऊन गेलो. कारागिराने दांडी ठोकून पाहिली आणि म्हणाला, "भोपळा नवा बसवू, सर. पण आवाज तोच येईल असं नाही हं." आम्ही बसवून घेतला. आवाज तो नाहीच.

परवा एका पहाटे आमच्यापैकी एकीने तो काळी एकमध्ये लावला. बराच वेळ लागला. गायली नाही. तारा छेडत नुसती बसून राहिली. साडेनऊला गल्लीत मोटार मागे येऊ लागली आणि बीथोवन वाजला, तेव्हा आम्हांला कामाला जायची वेळ झाल्याचे कळले.