एकच चाल, तीन गाणी

संपादकांनी लेख मागितला तो लिस्बनच्या संध्याकाळच्या सहलीवर. जेवण, फादो-गायन आणि दिव्यांत उजळलेलं शहर, हे सगळं एका तिकिटात दाखवणारी ही सहल आता आपल्याकडच्या युरोप-दौऱ्यांतही आली आहे. माझा विषय फादो. लिस्बनच्या जुन्या वस्त्यांतलं हे गाणं अभ्यासक म्हणून मी बरीच वर्षं ऐकते आहे, आणि उन्हाळ्यात मराठी गट येतात तेव्हा त्यांना समजावून सांगायला त्यांच्याबरोबर बसतेही. लेखाला लगेच होकार दिला, कारण यंदाच्या जूनमधली एक तक्रार अजून डोक्यातून जात नाही.

पुण्याच्या गटातल्या एका निवृत्त गृहस्थांनी आयोजकांना लेखी कळवलं होतं, की तीन गायकांनी मिळून एकच चाल म्हटली, शब्द तेवढे बदलले. परके लोक, यांना काय कळतंय, अशा हिशेबानं आमची बोळवण केली. आयोजकांनी ते पत्र माझ्याकडे पाठवून खुलासा मागितला. मला त्या गृहस्थांचं आधी कौतुकच वाटलं. अख्ख्या गटात चाल ओळखणारा कान त्यांचा एकट्याचा होता. ऐकलं त्यांनी अगदी बरोबर, पण ज्याला ते फसवणूक म्हणाले तोच या गाण्याचा गाभा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगायचं होतं, पण बस सुटायची होती.

पारंपरिक फादोत चालीचं एका कवितेशी लग्न लागलेलं नसतं. चाली स्वतंत्र असतात, त्यांना नावं असतात, आणि छंद जुळत असेल तर कोणतीही कविता त्या चालीवर गाता येते. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘संगीत सौभद्र’ची जुनी छापील प्रत काढून बघा. पदाच्या डोक्यावर कंसात चाल दिलेली सापडेल, कोणत्या तरी आधीच्या पदाची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या प्रेक्षकांनी त्याला कधी चोरी म्हटलं नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे पुढे पद आणि चाल एकमेकांना घट्ट चिकटली; लिस्बनमध्ये ती आजही सुटी आहेत.

अशा चाली शंभराहून अधिक आहेत. त्यांतल्या तीन सर्वांत जुन्या, कर्ता अज्ञात असलेल्या: फादो मेनोर, फादो कोरीदो आणि फादो मोरारिया. मेनोर कोमल गंधाराच्या वळणाचा, संथ. कोरीदो आणि मोरारिया शुद्ध गंधाराचे. तिन्हींच्या मागे स्वरसंगती जवळजवळ दोनच, षड्जावरची आणि पंचमावरची. चार ओळींचं कडवं, ओळीत सात अक्षरं, तीही शेवटच्या आघातापर्यंत मोजायची. एवढ्याशा सांगाड्यावर गायकाला उभं राहायचं असतं. वादकांना तो फक्त चालीचं नाव आणि पट्टी सांगतो. सराव नाही, कागद नाही. ओळ किती रेंगाळवायची, कोणता शब्द तालाच्या मागे ठेवायचा, तिसऱ्या कडव्यात चाल कुठे मोडायची, हे त्या क्षणी ठरतं. याला ते ‘एश्तिलार’ म्हणतात, आणि गायकाची प्रत इथेच कळते. अमालिया रॉद्रिग्जचं ‘एश्त्राञा फोर्मा दे व्हिदा’ जगभर गाजलं. शब्द तिचे स्वतःचे. चाल आल्फ्रेदो मार्सेनेइरोची, ‘फादो बायलादो’ नावाची, इतरांनी इतर शब्दांना वापरलेली. मार्सेनेइरो पेशानं सुतार होता, नावही त्यावरूनच पडलेलं. त्याच्या चाली आज रोज रात्री कुठे ना कुठे गायल्या जातात.

त्या जूनच्या रात्री काय झालं, तर पहिल्या गायिकेनं फादो मेनोर गायला. तिच्यानंतर आलेल्या वयस्क गायकानं वादकांकडे वळून तोच मागितला, आणि तिच्या कवितेला उत्तर ठरेल अशी कविता निवडली. तिसऱ्या मुलीनं दोघांचं ऐकून तीच चाल धरली. असं रोज घडत नाही. एकाच चौकटीत तीन माणसं एकापुढे एक काय करून दाखवतात, हे ऐकायला आम्ही अभ्यासक महिनोन्‌महिने वाट पाहतो. तिसरीचं गाणं अर्ध्यावर असताना आमच्या गटाच्या खुर्च्या सरकल्या. दहाला दहा कमी होते आणि बेलेम भागातले दिवे बघायचे राहिले होते. मुलगी थांबली. सगळे बाहेर पडेपर्यंत उभी राहिली, आणि मग तिनं पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं. मी जिना उतरताना ते ऐकलं.

आता बसमध्ये सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येते, कारण तिच्यावर मी इतक्यांदा वाद घातला आहे की लेखात ती टाळणं शक्य नाही. बस किल्ल्याखालून जाते, वाटाड्या हात करून म्हणतो, हा मोरारिया, मूर लोकांचा मोहल्ला, आणि फादो म्हणजे त्यांच्या विलापाचा वारसा. ऐकायला छान वाटतं. एकोणिसाव्या शतकात तेओफिलो ब्रागासारख्या मोठ्या विद्वानानंही अरबी मुळाचा पुरस्कार केला होता, त्यामुळे गोष्टीला वजन आलं. पण तारखा बघा. लिस्बन ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं ११४७ मध्ये. मूरांना तटाबाहेर ही वस्ती मिळाली. १४९६ च्या फर्मानानं धर्म बदला किंवा देश सोडा असं सांगून त्यांचं इथलं उघड जीवन संपवण्यात आलं. आणि लिस्बनमध्ये फादो नावाचं गाणं दिसू लागतं ते एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात. मधली तीनशेहून अधिक वर्षं हे गाणं कुठे होतं? एकही लेखी खूण नाही. अरबी प्रभाव असता तर तो आधी दक्षिणेत, आल्गार्व्हेमध्ये सापडायला हवा होता, कारण तिथे मूरांची सत्ता शंभर वर्षं जास्त टिकली. तिथे फादोचं मूळ नाही.

मूळ सापडतं ते समुद्रापलीकडे. नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा, १८०७ च्या अखेरीस, पोर्तुगालचा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला आणि राजा १८२१ मध्ये परतला. १८२२ साली आद्रियानो बाल्बी या भूगोलकारानं ब्राझीलमधल्या नाचांच्या यादीत फादोचं नाव दिलं आहे. नाचांच्या यादीत! आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या लुंदू नाचाशी त्याचं नातं. हा नाच बंदरातून लिस्बनच्या गरीब वस्त्यांत उतरला, हळूहळू पाय थांबले आणि गाणं उरलं. अभ्यासक रुई व्हिएरा नेरी यांनी ही सगळी मांडणी कागदपत्रांनिशी केली आहे, तिलाही आता वीसेक वर्षं झाली. तरी बसमध्ये मूरच. मला वाटतं, आफ्रिकी गुलामांपेक्षा हरवलेले मूर पर्यटकाला दाखवायला सोपे जातात. म्हणून मला या चुकीचा राग येतो. ज्यांच्या अंगातून हे गाणं निघालं, त्यांना वगळून ते विकलं जातं.

आपले लोक यात गोव्याची भर घालतात. मांडो ही फादोची मुलगी, असं प्रत्येक गटात कोणी ना कोणी म्हणतं. मांडो साष्टीच्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यांत रूपाला आला तो एकोणिसाव्या शतकातच, म्हणजे फादोच्याच वयाचा. तो सहा मात्रांच्या संथ लयीत, घुमट आणि व्हायोलिनच्या साथीनं, जोड्यांनी नाचायचा प्रकार. कोंकणी शब्दांचा, मागून दुलपद हा जलद प्रकार येणारा. आर्नाल्द मिनेझिस, तोर्कात फिगेरेद, जिझेलिन रेबेल हे त्याचे रचनाकार. लिस्बनच्या दारूच्या गुत्त्यातलं गाणं आणि कुडतरीच्या दिवाणखान्यातलं गाणं यांत युरोपीय स्वरसंगती समान आहे, त्यापलीकडे माय-लेकीचं नातं दाखवता येत नाही. गोव्यात फादो आला आणि रुजलाही. सोनिया शिरसाट आज तो ज्या तयारीनं गातात त्याला लिस्बनमध्येही मान आहे. पण दोन्ही घरं वेगळी आहेत, आणि मांडोचा मोठेपणा सांगायला त्याला कुणाची मुलगी करावं लागत नाही.

दुसरा गैरसमज जाणत्या प्रवाशांचा. जेवणाबरोबरचा फादो नकली आणि गल्लीतल्या टपरीवजा ठिकाणी हौशी लोक गातात तो खरा, असं ते ठामपणे सांगतात. हौशींचा ‘फादो व्हादिओ’ मलाही प्रिय आहे. पण फादोला खाण्यापिण्यापासून वेगळं असं बालपण नाहीच. मारिया सेव्हेरा, जिची दंतकथा झाली आणि जी १८४६ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेली, ती मोरारियातल्या गुत्त्यांतच गात होती. जेवणाची फादोघरं आली ती सरकारी हुकुमातून. १९२७ साली लष्करी राजवटीनं करमणुकीचे नियम केले: गायकाला परवाना हवा, जागेला परवाना हवा, आणि प्रत्येक कविता आधी तपासनिसाकडून मंजूर हवी. त्याआधी कामगारांच्या सभांत समाजवादी, अराजकवादी फादो गायले जात. तिथल्या तिथे कडवी रचली जात. ते सगळं आटलं. परवानाधारक गायक परवानाधारक जागांत गेले, आणि बाइरो आल्तोत ‘आदेगा माशादो’सारखी घरं उभी राहिली, हे १९३७ मधलं. म्हणजे ताटासमोरचा फादो जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. अल्फामातल्या ‘पारेइरिञा’ची आर्जेंटिना सांतुश स्वतः चुलीपाशी असायची आणि तिथूनच येऊन गायची; तिच्या फादो मेनोरला नकली म्हणायची हिंमत कोणी करू नये. १९७४ च्या क्रांतीनंतर काही वर्षं फादोकडे हुकूमशाहीचं गाणं म्हणून संशयानं पाहिलं गेलं, तेव्हाही या घरांनीच गायक-वादकांना रोज रात्रीचं काम दिलं. त्यांच्याशिवाय २०११ साली युनेस्कोच्या यादीत घालायला फारसं काही उरलं नसतं.

जेवणाचं थोडक्यात. बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं काल्दो व्हेर्द हे सूप शाकाहारी नसतं, त्यात सॉसेजची चकती असते. आदल्या दिवशी सांगितलं तर वगळतात. बसल्या बसल्या समोर येणारे पाव, ऑलिव्ह, चीज बिलात लागू शकतात. बाकी बाकालाव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, ज्यांना चालतो त्यांनी जरूर खावा.

महत्त्वाचं आहे ते शांततेचं गणित, आणि इथे मला वादकांबद्दल बोललंच पाहिजे. गितारा, नासपतीच्या आकाराची, बारा तारांची, दोन-दोन तारा जोडीनं सहा ठिकाणी. डोक्याशी पंख्यासारखे पसरलेले खुंटीचे स्क्रू. बोटांना खोटी नखं लावून ती वाजवतात. व्हिओला, म्हणजे आपल्या ओळखीची गिटार, लय आणि संगती सांभाळते. गितारा गायकाच्या ओळींमधल्या फटी भरते. लहान घरांत मायक्रोफोन नसतो. शेवटच्या कडव्याआधी गायक लय सोडतो, वादक हात उचलतात, आणि एक ओळ कुठल्याही आधाराशिवाय हवेत राहते. त्या तीन-चार सेकंदांत काट्याचमच्याचा आवाज आला तर पुढचा षड्ज कोसळतो. म्हणून दिवे मंद करतात, वाढपी हलत नाहीत. तीन-चार गाणी, मग वीसेक मिनिटं गप्पा आणि जेवण, मग पुढचा गायक, असं मध्यरात्रीपलीकडे चालतं. अकरानंतर गाणारे एकमेकांसाठी गाऊ लागतात, आणि वर सांगितलेला सवाल-जवाब तेव्हाच जास्त रंगतो.

सहलीचं वेळापत्रक नेमकं याच्या आड येतं, आणि त्यामागे कुणाचा दुष्टपणा नाही, सूर्य आहे. जूनमध्ये लिस्बनला सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. दिव्यांतलं शहर दाखवायचं तर पावणेदहापर्यंत अंधारच होत नाही. मग जेवण आठला, गाणं घाईत, आणि दहाच्या आत सहा-सात किलोमीटरवरच्या बेलेमकडे धाव. तिथे जेरोनिमुशच्या मठात वास्को द गामाची कबर आहे, पण त्या वेळी दारं बंद. खिडकीतून भिंत दिसते. शोधप्रवाशांचं नदीकाठचं स्मारक १९६० चं, काँक्रीटचं, ते दिवसाही तेवढंच भव्य दिसतं. तागस नदीवरचा तांबडा पूल १९६६ चा, तोही सकाळी कुठे जात नाही.

त्या गृहस्थांना मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्यांनी उत्तरात फादो मेनोरच्या ध्वनिमुद्रणांची यादी मागितली, वेगवेगळ्या गायकांची. ती पाठवली आहे. आयोजकांना मात्र दुसरं पत्र लिहिलं. नोव्हेंबरच्या गटांसाठी त्यांनी क्रम बदलायचं मान्य केलं: सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा आधी बसमधून दिवे, मग साडेआठला जेवण, आणि नंतर कुठेही जायचं नाही. बस गटाला हॉटेलवर परत न्यायला साडेअकराला नदीकाठी येईल, तोवर जो बसेल तो बसेल. उन्हाळ्यासाठी माझी मागणी बेलेम दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायची आहे. त्यावर अजून बोलणी चालू आहेत. त्यांचं म्हणणं, पत्रकात ‘रात्रीचं लिस्बन’ छापून झालंय.