घाटावरचे दिवस : अजिंठ्यापासून मेहकरपर्यंत

मंगळवार, बुलढाणा

मागचा भाग अजिंठ्यात संपला होता. आज सकाळी तिथून निघालो आणि धाडमार्गे दुपारी बुलढाण्यात पोचलो. डोंगररांग तीच, पौषातली थंडी मात्र इथे भर दुपारीही अंगाला लागते. जिल्ह्याची वाटणी लोक बोलता बोलताच करून टाकतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. चिखली, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर घाटावर. लॉजवाल्याने विचारले, "काय पाहाले आले भाऊ? शेगावले नाही चालले?" मी घाटावरची गावे सांगितली. "तिकडं काय, दगडंच दगडं," म्हणाला आणि किल्ली दिली.

अजिंठा १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे फाट्यावर गाडी लावायची, ठरलेल्या बसने लेण्यांपर्यंत जायचे, तिकीट दाखवायचे, ओळीत चालायचे. जिल्ह्याची हद्द ओलांडली आणि हे सगळे संपले. या बाजूचे एकही नाव त्या यादीत नाही. म्हणूनच तर आलो.

बुधवार, सिंदखेड राजा

लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार थेट रस्त्यावर येते. शेजारून ट्रक जातात, समोर उसाच्या रसाची गाडी. १२ जानेवारी तोंडावर असल्याने गावभर मांडव आणि कमानींची लगबग. १५९८ मध्ये जिजाऊ इथे जन्मल्या. जन्मस्थानाच्या दालनापाशी आलेल्या शाळेच्या पोरी एरवी कलकलाट करत होत्या, आत शिरताना त्यांनी न सांगता चपला काढल्या.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा झाले: शिवनेरी, राजगड, रायगडापासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. आनंदच झाला. पण ज्या घरात त्या किल्ल्यांच्या धन्याची आई वाढली, ते घर त्या यादीच्या नियमांत बसत नाही. किल्ला म्हणजे तट, बुरूज, माची. समितीपुढे मांडायला सोपे. जाधवांनी इथे बांधले ते मुख्यतः पाणी. मोती तलावाच्या बांधावर मी बराच वेळ होतो. भिंत नुसती पाणी अडवत नाही, तिच्या पोटात बसायला जागा ठेवली आहे. हौस आणि हिशेब एकाच भिंतीत. पुतळा बारवेत पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांतून आणि भिंतींवरून मूर्ती दिसत राहतात. तटबंदीपेक्षा मला असली बांधकामे जास्त शहाणी वाटतात, हे लिहून ठेवतो. कोणाला पटो न पटो.

लखुजीरावांची समाधी भव्य आहे, आणि तिच्यामागची हकीकत भीषण. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात त्यांना मुलांसह कापून काढले. २०२४ मध्ये याच समाधीच्या डागडुजीवेळी जमिनीखाली जुन्या मंदिराचे अवशेष लागले, आणि मग शेषशायी विष्णू. लांबी १.७० मीटर, दगड इथला काळा बेसाल्ट नव्हे तर मऊ क्लोराइट शिस्ट. पायाशी लक्ष्मी, खाली समुद्रमंथन. मी तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला होता. चहाच्या टपरीवर विषय काढला तर म्हातारबुवा एकदम उसळले. "आमच्या गावात निघाली, आमच्या गावात राहाली पाहिजे. संग्रहालयात कोण नारळ फोडतं?"

तिथला दगड तरी सुरक्षित राहील, असे मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

गुरुवार, लोणार

दुसरबीड, बीबी मागे टाकत लोणार. विवराच्या कडेवर उभे राहिल्यावर आधी काही सुचतच नाही. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा, उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली. हा ज्वालामुखी की उल्का, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. प्रचंड आघातानेच बनते अशी काच इथल्या खडकात सापडली, १९७३ मध्ये तो पुरावा छापून आला आणि उल्केच्या बाजूने निकाल लागला. गावाचा निकाल त्याआधीच लागलेला: लवणासुर इथे दडला होता आणि विष्णूने त्याला मारले.

दैत्यसूदन मंदिराच्या छतावर तीच कथा कोरलेली. गाइडने बॅटरी वर धरली, मान मोडेपर्यंत पाहिले. बाहेरच्या भिंतींना इतके कोन आणि इतक्या घड्या आहेत, की ऊन दर तासाला वेगळ्या मूर्तीवर जाते. अजिंठ्यात रंग जपायचे म्हणून प्रकाश मंद ठेवतात. इथे ऊन फुकट.

खाली तळ्याचे पाणी खारे आणि सोड्याने भरलेले. पूर्वी त्यातून क्षार काढत. दल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी अशी त्यांची नावे, साबणाला आणि काचेला ते जात. वर कडेशी गोमुखातून मात्र गोड पाण्याची धार बारा महिने पडते. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. त्याच नोव्हेंबरात लोणार रामसर पाणथळांच्या यादीत गेले. म्हणजे जिल्ह्याला एक जागतिक यादी मिळाली, पण पाण्याला. शेजारच्या दगडांना नाही.

शुक्रवार, मेहकर

शारंगधर बालाजीपुढे उभा राहिलो आणि टपरीवरच्या म्हातारबुवांची आठवण झाली. काळ्या पाषाणातली ही उंचच उंच मूर्ती १८८८ मध्ये इथल्याच जमिनीत सापडली. इंग्रज ती लंडनला हलवणार अशी कुणकुण लागली आणि गावाने घाईघाईने प्रतिष्ठापना उरकून टाकली, असे सांगतात. एकदा पूजा सुरू झाली की देव हलवायचा कसा! त्या घाईमुळे आज मला काचेऐवजी तुळशीहारांतून मूर्ती पाहावी लागली. निम्मे कोरीवकाम फुलांखाली. तक्रार नाही.

पुढे कंचनीचा महाल, पडका. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनी मजल्यावर मजले चढवत गेली आणि शेवटी तिचा दगड झाला, अशी कथा. मेहकरकर ना. घ. देशपांड्यांनी तिच्यावर कविता लिहिली. भिंतीवर चढायला मनाई नाही, पण शहाण्याने चढू नये, दगड हलतात. खालून लोणारची दिशा विचारली तर तीन पोरांनी तीन बोटे तीन दिशांना केली.

उद्या पहाटे घाट उतरून शेगाव. लॉजवाल्याला कळले तर तो खूश होईल. पुढचा भाग तिथून.