सौंसरचा खडक, पांढुर्ण्याची माती

नागपूरहून सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या वाटेला लागले की सौंसर येते. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि कानी पडणारी मराठी यांमुळे प्रांताची सीमा केव्हा सरली, हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. भूशास्त्राच्या ग्रंथांत मात्र या गावाचे नाव फार पूर्वीच गेलेले आहे.

येथून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत मँगनीजचा जो पट्टा पसरला आहे, त्यातील खडकांना ‘सौंसर समूह’ असेच म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे सारे पाण्याखाली साचलेले गाळाचे थर होते. खोल भूगर्भात उष्णता व दाब यांनी त्यांतील चुन्याचा संगमरवर झाला, आणि मँगनीजमिश्रित वाळू-चिखलातून गार्नेट व गारगोटी यांचा खडक घडला. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ च्या आपल्या ग्रंथात गोंड जमातीवरून त्याला ‘गोंडाइट’ नाव दिले. तोच खडक पृष्ठभागाशी आला की हवा-पाण्याने पुन्हा पालटतो व काळे मँगनीज ऑक्साइड होऊन बसतो. खनिजाला कायमचे रूप नसते. परिस्थिती बदलली की तेही बदलते.

पांढुर्ण्याकडील काळी माती हे याच नियमाचे दुसरे उदाहरण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ झिजून ती झाली. कातळातील चुना पाण्याबरोबर खाली उतरतो आणि खड्यांच्या रूपाने थरात साचतो.

केरळच्या कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीखालील काही भातखाचरांत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथील काळ्या ‘करी’ मातीत लोह व गंधक यांचे खनिज असते. पाण्याखाली ते निरुपद्रवी. पाणी काढून माती उघडी पडली की हवेने त्याचे गंधकाम्ल होते, आणि पीक जळते. म्हणून तेथील शेतकऱ्याला शेतात मुद्दाम चुना घालावा लागतो.

आपल्याकडे तोच चुना काही शेतांत नको तितका असतो. जमिनीत लोह भरपूर, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. संत्र्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर कुटुंबाचा पैसा व श्रम त्या बागेत अडकलेले असतात.

म्हणून गावाकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: कलमे आणण्यापूर्वी खड्डा खणून खालचा थर पाहावा आणि माती तपासून घ्यावी. वरची माती काळी व कसदार दिसली, तरी झाडाची मुळे त्याच्या खाली जायची असतात.