बुलेट गोव्याला नेण्याआधी

बाळू,

गोव्याच्या स्पर्धेसाठी तू बनवतो आहेस त्या बुलेटचे फोटो पाहिले. टाकीची ठेवण झकास जमली आहे, आणि मागचं मडगार्ड आखूड केल्यानं बुलेटचा बोजडपणा गेला. पण ‘चॅसिस पावडर कोटिंगला देतो, मग फक्त जोडायचीच’ हे वाचलं आणि पत्र लिहायला बसलो. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला माझा. हे ‘फक्त’ फार महाग पडतं रे.

रंगाआधी गाडी एकदा पुरती उभी कर. कच्च्या लोखंडावरच. हॉर्न, नंबरप्लेट, केबलच्या क्लिपा, सगळं बसव आणि पेट्रोल घालून मोकळ्या आवारात फिरव. हँडल शेवटापर्यंत वळवल्यावर क्लच केबल ताणते का, तू सीटवर बसल्यावर मागचा टायर मडगार्डला लागतो का, ते पाहा. एखादी पट्टी वेल्ड करायची राहिली आणि रंगानंतर आठवली, तर भोवतालचा रंग जळतो. पावडरला वरून ब्रश मारून डाग लपत नाही. अख्खी चॅसिस पुन्हा सोलावी लागते.

कोटिंगवाल्याला चॅसिस देताना स्वतः समोर उभा राहा. भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर ती पावडर वितळते आणि उडेल तिथे घट्ट बसते. म्हणून स्टीअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या, स्विंगआर्मचं भोक, सगळ्या आट्या आधी झाकून घे. तरीही घरी आणल्यावर प्रत्येक आटीत हातानं टॅप फिरव. गळ्यावरचा चॅसिस नंबर पावडरीखाली बुजला, तर आरटीओत काय उत्तर देशील?

आणि अर्थिंग. पावडरीतून वीज जात नाही. नवी कोरी गाडी, नवी बॅटरी, तरी दिवे मंद आणि हॉर्न घोगरा, असं झालं की लोक वायरिंग उलगडत बसतात. दोष एका बोल्टखाली असतो. अर्थची वायर जिथे बसते तेवढी जागा खरवडून लोखंड उघडं कर, दातेरी वॉशर घाल, बोल्ट आवळ, वर थोडं ग्रीस लाव.

क्रोमचा सोस आवर. क्रोमचा थर अगदी पातळ, निळसर. खरी चमक त्याच्या खालच्या निकेलची, आणि त्याच्याही खाली पत्र्याला केलेल्या बफिंगची. खालचा पत्रा ओबडधोबड असेल तर क्रोम त्याचे खड्डे जास्तच दाखवतं. इंजिनची ॲल्युमिनियमची कव्हरं मात्र जरूर घास. आधी 400, मग 800, मग 1200 चा पेपर, शेवटी बफ. सिलिंडरला हात लावू नकोस. 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोकचा तो जुना बिडाचा सिलिंडर काळाच शोभतो. टाकीवरची रेघ स्टिकरची नको, पेंटरकडून ओढून घे. चेन्नईच्या कारखान्यातही बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ हातानंच ओढत आले आहेत.

गाडी जोडून झाली की पुन्हा चालव. इथेच तुझी माझी भांडणं होणार. सायलेन्सरचा पाइप निळा पडेल म्हणून तू इंजिन सुरूच करणार नाहीस, ओळखतो तुला. पडू दे निळा. वॉशरखालचा रंग दबतो आणि आवळलेले बोल्ट ढिले पडतात, ते गाडी हादरल्याशिवाय कळत नाही. ऑइलची गळतीही इंजिन तापल्यावरच दिसते. जो आखाड्यात उतरत नाही, त्या पैलवानाला तेल चोळून काय उपयोग?

स्पर्धेत परीक्षक गुडघ्यावर बसून खालून बघतात. वायर कुठून नेली, बोल्टची डोकी एका जातीची आहेत का, वेल्डिंगची शिवण कशी आहे. मग सांगतात, चालू करून दाखव. अँपिअर मीटरवर नजर ठेवून किक हळूहळू दाब, काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढून किक किंचित पुढे ने, लिव्हर सोड आणि मग पूर्ण किक. चार लोकांसमोर घाम गाळत किका मारायची वेळ येऊ नये.

स्पर्धेसाठी गोव्यात वागातोरपर्यंत गाडी चालवत जायचा हट्ट मात्र सोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत एकेका बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मला हा कायदा हौशी माणसावर जरा जास्तच कडक वाटतो, पण आंबोलीच्या घाटात पोलिसाशी वाद घालून तो बदलणार नाही. टेम्पो कर. साइड स्टँडवर टेकवून बांधू नकोस, दोन्ही चाकांवर सरळ उभी कर. पट्टे हँडलला न अडकवता फोर्कच्या खालच्या ब्रॅकेटला बांध, आणि पट्टा जिथे रंगाला लागतो तिथे जुनं धोतर गुंडाळ. आईकडे आहे, माग.

शेवटचं. गाडीपुढे माहितीचा बोर्ड लावशील तेव्हा ‘बिल्ट बाय’ म्हणून एकट्याचं नाव टाकू नकोस. टर्नर, वेल्डर, बफिंगवाला, टाकीवर रेघ ओढणारा पेंटर, सगळ्यांची नावं लिही, तीही तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात.

तुझा,
मामा