आधी सिम, मग रडारड!

हातकणंगले स्टेशनवर उतरले, पर्स चाचपली आणि काळजात धस्स! मोबाइल गायब. रडतच घरी पोचले. आई म्हणाली, "रडत काय बसलीयास? आधी कार्ड बंद कर की!" तिच्या फोनवरून सिम ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक लिहून घेतला. पण तोवर तास उलटला होता. पोस्टपेड बिलात तीन परदेशी कॉल, माझ्या नावावर! सिम बंद होईपर्यंतचं बिल सहसा आपल्याच माथी. बँकेला सांगून यूपीआयही थांबवलं. हल्ली ओटीपी बिलापेक्षा महाग! पोलिसांत तक्रार दिली, २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी'वर आयएमईआय टाकून हँडसेटही ब्लॉक केला. तुम्ही तो नंबर *#०६# दाबून आजच वहीत लिहा, सिमला पिन लावा. आणि कस्टमर केअरचा नंबर? मोबाइलमध्ये नको, पाठ करा!